काहून पायदल चाल्ले?

वऱ्हाडात एखादा ओळखीचा माणूस रस्त्याच्या कडेनं चालत जाताना दिसला, की मागून येणारा मोटरसायकलवाला गाडी हळू करतो, एक पाय जमिनीला टेकवतो आणि विचारतो, "काहून पायदल चाल्ले, भाऊ? गाडी कुठी गेली?" या प्रश्नात चौकशी थोडी आणि सांत्वन फार असतं. माणूस चालतो आहे म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं आहे, हे गृहीतच असतं. गाडी मेकॅनिककडे असेल, पोरगा कॉलेजात घेऊन गेला असेल, किंवा यंदाचा कपाशीचा भाव बघता (इथे आवाज आपोआप खाली येतो) विकली असेल. त्याला नुसतंच चालत जायचं असेल, ही शक्यता विचारणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. "जवळच जायचं आहे" हे उत्तर तर अजिबात चालत नाही. जवळ जायलाच गाडी असते, लांब जायला एसटी आहे. बिनविरोध मंजूर होणारं उत्तर एकच: "डॉक्टरनं सांगतलं." त्यावर समोरचा हळहळतो, शुगर किती निघाली ते विचारतो, आणि तरीही म्हणतो, "बसा मांगं, सोडून देतो." दुसऱ्याच्या डॉक्टरचा सल्ला मोडायला स्वतःचं पेट्रोल जाळणारा माणूस जगात इतरत्र सापडणं कठीण.

थोडक्यात, चालणं हे आपल्याकडे औषध आहे. ते सकाळी उपाशीपोटी घ्यायचं असतं आणि दिवसभर पुन्हा घ्यायचं नसतं. अमरावतीत पहाटे वडाळी तलाव किंवा छत्री तलावाकडे जाऊन बघावं. लोक मोटारीनं येतात, सावलीची जागा हेरून गाडी लावतात, पांढरेशुभ्र बूट घालून हात हलवत फेऱ्या मारतात, पावलं मोजणाऱ्या घड्याळाकडे समाधानानं बघतात आणि पुन्हा मोटारीत बसून घरी येतात. घरी आल्यावर कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायची निघाली, की स्कूटीच्या किल्लीची शोधाशोध सुरू होते. यावर हसणं सोपं आहे, पण या माणसांचा हिशेब चुकलेला नाही. तब्येत सुधारायला तलावाभोवती चालायचं आणि त्या तलावापर्यंत पोचायला रस्त्यावरून चालायचं, म्हणजे हृदयविकार टाळण्यासाठी ट्रकखाली जाण्याची जोखीम पत्करायची. शहाणा माणूस चालण्यासाठी सुरक्षित जागा शोधतो आणि तिथपर्यंत गाडीनं जातो. शहरातला चालण्याचा रस्ता असा गावाबाहेरच्या तळ्यापाशी जाऊन बसला आहे.

आमच्या शहरांचं पादचाऱ्याशी काही वैर आहे असं मात्र समजू नये. वैर असतं तर बरं झालं असतं. वैऱ्याची निदान दखल घेतली जाते. आमच्या लेखी पादचारी म्हणजे अजून गाडी न आलेला माणूस. एखाद्याचं लग्न जमायचं राहिलं असेल तर नातेवाईक जसे "होईल, होईल, वेळ आली की होईल" म्हणतात, तसा शहर त्याच्याकडे बघतं. आज ना उद्या हप्त्यावर का होईना तो गाडी घेणारच आहे. मग त्याच्या या तात्पुरत्या अवस्थेसाठी सिमेंट-काँक्रीटचा कायमचा खर्च कशाला? रस्त्याचा आराखडा करणारे, तो मंजूर करणारे, बांधणारे आणि बांधून झाल्यावर पाहणी करणारे, सगळे रस्त्याला भेटतात ते काचेआडून किंवा हँडलवरून. भाषेतसुद्धा हे उतरलं आहे. 'पादचारी' हा शब्द स्वतःविषयी कोणी वापरत नाही. "मी पादचारी आहे" असं म्हणणारा माणूस कोणी पाहिला आहे काय? हा किताब माणसाला बहुतेक वेळा वर्तमानपत्रातच मिळतो, आणि त्याच्या पुढचा शब्द 'ठार' किंवा 'गंभीर' असतो. त्याच्या जोडीनं येणाऱ्या दुसऱ्या पात्राचं नाव 'अज्ञात वाहन'.

आता फुटपाथ नाहीतच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. फुटपाथ आहेत. फक्त ते पाथ आहेत, फुटाचा संबंध सुटलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची जी संस्था रस्त्यांची मानकं ठरवते, तिनं पादचाऱ्यांसाठी एक पुस्तिकाच काढली आहे: आय.आर.सी. १०३. २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची जागा पूर्ण मोकळी हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. म्हणजे वीतभरही नको. ही पुस्तिका वाचून कोणी अमरावतीच्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या टिळक रोडनं निघाला, तर त्याला ती विज्ञानकथा वाटेल. इथे फुटपाथची उंची ठरवताना मधल्या पावसाळ्यांचा, जुन्या रस्त्यावर चढवलेल्या नव्या थरांचा आणि खालच्या नालीचा विचार झालेला असतो, गुडघ्यांचा नाही. काही ठिकाणी तो इतका उंच असतो की चढायला कोणाचा तरी हात लागतो, आणि चढून दहा पावलं गेल्यावर कोणाच्या तरी गेटचा उतार आडवा आला की पुन्हा उतरावं लागतं. चढा, उतरा, चढा, उतरा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत १९१४ पासून आहे. त्या परंपरेला जागून महापालिकेनं हा व्यायाम सर्वांसाठी खुला केला असावा.

वर चढल्यावर काय दिसतं? आधी गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. हे गट्टू बसवण्याचं काम आमच्याकडे एखाद्या ऋतूसारखं ठरल्या वेळी येतं आणि त्यातला प्रत्येक तिसरा गट्टू पावसाळ्यात पाय ठेवताच पिचकारी मारतो. मग विजेचा खांब, त्याच्यामागे डीपी, तिच्या कुंपणाला बांधलेलं क्लासेसचं फ्लेक्स, फ्लेक्सच्या दोरीखालून वाकून गेलं की नालीवरची एक फरशी गायब. त्या भोकात कोणीतरी सद्भावनेनं बाभळीची फांदी खोचून ठेवलेली असते. ही फांदी म्हणजे आमच्या नगररचनेतली सर्वांत तत्पर सेवा: अर्ज नाही, निविदा नाही, धोका दिसला की अर्ध्या तासात हजर. पुढे एका दुकानाची पायरी, दुसऱ्याचा जनरेटर, आणि उरलेल्या जागेत मोटरसायकलींची रांग. त्या मात्र काटकोनात, शिस्तीत, एकमेकींना धक्का न लावता उभ्या असतात. फुटपाथवर शिस्तीनं वागणारं शहरात हे एकच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो फार जोरात येतो: हे सगळं हातगाड्यांमुळे. अतिक्रमण हटवा, फुटपाथ मोकळे होतील. या आक्षेपात अर्धं सत्य आहे म्हणून तो टिकून आहे. पण खांब, डीपी, सूचनाफलक आणि अर्धवट उखडलेली पाइपलाइन यांना हातगाडी म्हणता येत नाही. फुटपाथवरचे पहिले रहिवासी सरकारीच असतात. फेरीवाला त्यांच्या नंतर, उरलेल्या जागेत येतो. शिवाय तो तिथे येतो ते चालणारी माणसं तिथे आहेत म्हणून. गिलावड्याचा ठेला कोणी बायपासवर लावत नाही. पादचाऱ्यांची खरी मोजणी कुठे झाली असेल तर ती या ठेलेवाल्यांनीच केलेली आहे, तीही रोज, स्वतःच्या खर्चानं. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की शहर फेरीवाला समिती नेमा, सर्वेक्षण करा, जागा आखून द्या, मग बाकीचं हटवा. आमच्याकडे हटवणं आधी होतं, कारण त्यासाठी जेसीबी लागतो आणि जेसीबी फोटोत छान दिसतो. जागा आखायला फक्त टेप आणि चुना लागतो. त्याच्या उद्घाटनाला कोण येणार? तेव्हा हातगाडी सकाळी उचलली जाते, संध्याकाळी परत येते, आणि मधल्या वेळात मोकळ्या झालेल्या जागेवर मोटारी लागतात. पादचारी दोन्ही वेळा डांबरावरच.

दुसरा आक्षेप जागेचा. शहरं जुनी, गल्ल्या अरुंद, फुटपाथ घालायचा कुठे? हा आक्षेप ऐकला की अमरावतीच्या परकोटाची आठवण होते. पेंढाऱ्यांच्या भीतीनं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या तटाला पाच दरवाजे होते आणि चार खिडक्या. दरवाज्यांतून हत्ती, घोडे, कापसाच्या बैलगाड्या; खिडक्यांतून माणसं. माता खिडकी, छत्रपुरी खिडकी ही नावं आजही चालू आहेत. म्हणजे लुटारूंच्या धास्तीखाली, दगड-चुन्यात, दोनशे वर्षांपूर्वी शहर बांधणाऱ्यालाही कळत होतं की वाहनाची वाट वेगळी आणि पायांची वेगळी. आणि जागेची अडचण जुन्या वस्तीपुरतीच असती तर नव्या लेआउटांत फुटपाथांची रेलचेल दिसायला हवी होती. अमरावतीत कठोरा नाक्यापलीकडे किंवा अकोल्यात गौरक्षण रोडच्या पुढे, कौलखेडकडे जा. काल-परवापर्यंत जिथे तूर उभी होती तिथे प्लॉट पडले, रस्ते रुंद झाले, बंगले उठले. फुटपाथच्या नावानं मात्र डांबराची कड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मुरुमाची एक पट्टी असते, आणि त्या पट्टीवर घरमालकानं जास्वंद लावून तिला तारेचं कुंपण घातलेलं असतं. जागा इतकी होती की बागेला पुरली.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा, आणि या बाबतीत वऱ्हाडानं तोंड उघडू नये. अमरावती–अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात नोंदलं गेलं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या टप्प्यात ३ ते ७ जून २०२२ या काळात १०५ तास ३३ मिनिटं सलग काम करून ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका डांबरानं पूर्ण केली गेली. ७२० माणसं रात्रंदिवस राबली, तेही जूनच्या पहिल्या आठवड्यात. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, पंचवीस किलोमीटर आणि थोडं वर. तो वऱ्हाडानं जवळजवळ तिप्पट करून मोडला. ही चेष्टेची गोष्ट नाही; ज्यांनी हे केलं त्यांचं कौतुकच आहे. पण सरासरी काढली तर ताशी सातशे मीटरच्या वर भरते. या वेगानं अमरावतीच्या पंचवटी चौकातून सकाळी फुटपाथ घालायला सुरुवात केली, तर दुपारी जेवायला माणसं राजकमलला असायला हवीत. चार दिवसांत अख्खं शहर आटोपून पाचव्या दिवशी अकोल्याला मोर्णेच्या काठी हात धुवायला जाता येईल. तेव्हा आम्हांला जमत नाही, हे कोणी म्हणू नये. जमतं; फक्त त्या कामावर चाकं फिरणार असली पाहिजेत.

बरं, चाकं नसलेल्यांसाठी आपण काहीच करत नाही असंही नाही. नागपूरच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महामार्ग उचलून त्याखालून वन्यप्राण्यांसाठी नऊ वाटा काढल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तर अठरा जातींचे प्राणी ये-जा करताना सापडले, आणि अकरा वाघांनी मिळून एकोणनव्वद वेळा तो रस्ता ओलांडल्याचं दिसलं. किती समजूतदारपणे हे काम झालं आहे बघा. वाघाला कोणी म्हटलं नाही की तू बेशिस्त आहेस, कुठूनही रस्ता ओलांडतोस. त्याला शाळेत नेऊन वाहतूक सप्ताहाचं व्याख्यान दिलं नाही. तो कुठून जातो ते आधी शांतपणे पाहिलं आणि त्याच्या वाटेवर पूल बांधला. त्याच न्यायानं अमरावतीच्या इर्विन चौकात, जिल्हा रुग्णालयाकडे निघालेली म्हातारी कुठून रस्ता ओलांडते हे कोणी आठ दिवस नुसतं बसून पाहिलं असतं तरी पुरे होतं. कॅमेरे तर आपल्या चौकांतही आहेत. ते गाडीचा नंबर टिपतात. म्हातारीला नंबर नसतो.

त्यावर चौथा आक्षेप तयारच असतो: वाघाचं ठीक आहे, पण आपली माणसं बेशिस्त. झेब्रा सोडून भलतीकडून जातात, मोबाइल बघत चालतात, डिव्हायडर ओलांडतात. खरं आहे. पण आधी तो झेब्रा सापडू द्या. १९५१ साली इंग्लंडमधल्या स्लाव गावात पहिल्यांदा आखलेला हा प्राणी वऱ्हाडात फार काळ जगत नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. पट्टे सांभाळण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव अमरावती जिल्ह्याच्या गाठीशी आहे. तो जंगलातल्या पट्ट्यांना उपयोगी पडला, रस्त्यावरचे पट्टे मात्र एका पावसाळ्यात नामशेष होतात. जिथे ते ताजे असतात तिथेही सिग्नल लागल्यावर गाड्यांची पुढची चाकं बरोबर त्यांच्यावरच विसावतात. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगपाशी चालकानं वेग कमी करावा, थांबावं, पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावं. हे वाक्य लायसन्सच्या परीक्षेत ज्यांना आलं असेल ते सगळे पास झाले, आणि पास झाल्यावर पुस्तक मिटलं.

सिग्नलचा हिशेबही करून बघू. रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर लागले २० सेकंद. ही धडधाकट माणसाची गोष्ट. सांधे धरलेली आजी, कडेवर पोर असलेली बाई, हातात युरियाची पिशवी घेतलेला खेड्यावरचा माणूस, यांचा वेग याच्या दोनतृतीयांश धरला तरी तीस सेकंद हवेत. एवढा वेळ मिळालाच, तरी त्या तीस सेकंदांत डावीकडे वळणाऱ्यांना 'फ्री लेफ्ट' असतो, म्हणजे कुठल्याच क्षणी चौक पूर्ण थांबलेला नसतो. मग माणूस काय करतो? तो सिग्नल सोडतो आणि शंभर पावलं पुढे, डिव्हायडरच्या फटीतून, दोन्हीकडे बघत जातो, कारण तिथे गाड्या एकाच दिशेनं येतात. याला आपण बेशिस्त म्हणतो. गणित म्हटलं तर जास्त बरोबर होईल. डिव्हायडर तर सगळीकडे उंच झाले आहेत, कारण माणसं ते ओलांडतात. आणि उंच झाल्यावर माणसं ओलांडत नाहीत असं नाही, फक्त आता उडी मारून ओलांडतात. लुगडं नेसलेल्या बाईनं उडी मारावी अशी अपेक्षा असलेला हा बहुधा पहिलाच सार्वजनिक प्रकल्प.

उड्डाणपुलांबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यांच्याबद्दल अभिमान फार आहे. अमरावतीत इर्विन ते राजापेठ, अकोल्यात अशोक वाटिका चौकावरून, दोन्ही शहरांना आता वरचा मजला आहे. ज्याला शहरात काही काम नाही तो वरून जातो. ज्याला काम आहे तो खाली. आणि खाली खांबांनी रस्ता विभागलेला असल्यामुळे पलीकडून येणारी गाडी खांबाआडून एकदम प्रकट होते, जुन्या नाटकांत देव व्हायचे तशी.

हे सगळं गमतीनं सांगता येतं, एक आकडा सोडून. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी अपघातांत गेले. रस्त्यांवर मेलेल्या दर पाच जणांत जवळजवळ एक. दिवसाला नव्वद. एसटीच्या दोन भरलेल्या गाड्या रोज कुठेतरी घाटात कोसळल्या असत्या तर देशानं घाट बंद केले असते; हे नव्वद वेगवेगळ्या चौकांत, एकेकटे, हातात भाजीची पिशवी घेऊन जातात, म्हणून त्यांची एकत्र बातमी होत नाही. ज्या वर्षी वऱ्हाडानं रस्त्याचा विक्रम केला तेच हे वर्ष. दोन्ही आकडे एकाच मंत्रालयाच्या दप्तरात आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांना त्याप्रमाणे मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. घटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं झाल्यावर देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाला हे सांगावं लागलं की नागरिकांना पाय असतात.

आता राहिलं ऊन. हा वऱ्हाडचा हुकमी आक्षेप, आणि यापुढे पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ गप्प होतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात चालणार कोण, फुटपाथ कोणासाठी? पण उन्हात चालणारे आहेतच. दुपारी एक वाजता जी माणसं चालताना दिसतात, त्यांना दुसरा इलाज नसतो. धुणीभांडी करून परतणारी बाई, रोजंदारीवरचा माणूस, शाळा सुटलेली पोरं. ज्यांना एसी मोटार आहे त्यांनी ज्यांना छत्रीही नाही त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं की उन्हात चालणं शक्य नाही. बरं, ऊन काही नवं आलेलं नाही. नव्यानं गेली ती सावली. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेचे कडुनिंब तोडले, आणि आता तोच रुंद रस्ता दाखवून विचारतात, इथे चालेल कोण? आई-बापांना घराबाहेर काढून अनाथ म्हणून सवलत मागण्यातला हा प्रकार आहे. आणि सोय केली तर वऱ्हाडी माणूस किती चालतो हे शेगावला विचारा. गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. निघते ती पाऊस लागायच्या आधी, अकोल्यावरून, महिनाभराच्या वाटचालीवर. वाटेत प्यायला पाणी, टेकायला सावली आणि मोकळा रस्ता असला, की मृगाच्या तोंडावरच्या उन्हातही पताका खाली येत नाही.

खरं तर आम्हांला चालणाऱ्याचं मोल चांगलं कळतं, फक्त त्याच्याबरोबर देव असावा लागतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारसाठी अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि रातोरात अनवाणी चालत राजराजेश्वराला आणतात. त्या दिवशी अकोला शहर हे जगातल्या आदर्श पादचारी शहरांपैकी एक असतं. वाहतूक वळवलेली, कडेला पाणी, चहा, फराळ, पायांना लावायला तेल. मंत्र्याची गाडीसुद्धा थांबते. मंगळवारी तोच माणूस तेच पाय घेऊन, कावड न घेता, टॉवर चौक ओलांडायला उभा राहतो आणि हॉर्न खातो. अमरावतीत नवरात्रात अंबादेवी-एकवीरादेवीच्या परिसरात वाहनांना बंदी होते आणि नऊ दिवस तो भाग पायांच्या ताब्यात असतो. चालणाऱ्यांना रस्ता दिला तर धंदा बसेल, हा व्यापाऱ्यांचा शेवटचा आक्षेप या नऊ दिवसांत दुकानाच्या गल्ल्यावर बसून तपासावा. गाडीवाला तीसच्या वेगानं दुकानाची पाटी वाचतो. चालणारा काचेतली साडी बघतो आणि बायकोला हाक मारतो. स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचं गाव आहे, आपल्या अकोटापेक्षा थोडं लहान. त्यांनी १९९९ पासून गावाच्या मध्यातून मोटारी हटवत नेल्या, आणि तिथला बाजार उठला नाही. तिथे अंबादेवी नाही, एवढाच फरक. त्यांना वर्षातले सगळे दिवस पुरतील असं कारण स्वतःच शोधावं लागलं.

हे कारण सापडायला अवघड जातं, कारण अमरावती-अकोल्यात शुद्ध वाहनधारक असा कोणी नसतोच, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं. तो गाडीवरून उतरतो तेव्हा काय होतं, ते संध्याकाळी कुठल्याही ठेल्यापाशी बघायला मिळतं. सकाळी कोणाला तरी "काहून पायदल?" म्हणून विचारणारा तोच भला माणूस गिलावडा खायला थांबतो. गाडी लावायला जागा नसते, म्हणून ती फुटपाथवर चढवतो, हँडल लॉक करतो, किल्ली बोटात फिरवत निघतो. ठेला तीस पावलांवर. पण फुटपाथवर त्याच्या पुढे आणखी अकरा मोटरसायकली आहेत, त्यामुळे उतरून डांबरावरून जावं लागतं. चौथ्या पावलाला मागून कर्कश हॉर्न. हा दचकून बाजूला होतो, नालीच्या कडेला तोल सावरतो आणि ओरडतो, "दिसत नाही का बे? माणूस चालून राह्यला ना!" मोटरसायकलवाला गाडी हळू करतो, एक पाय जमिनीला टेकवतो आणि वळून बघतो. ओळखीचा निघतो. "अरे भाऊ, तुम्ही? काहून पायदल? गाडी कुठी गेली?"

"गाडी हाय नं," हा खजील होऊन बोट दाखवतो. "थे काय, फुटपाथवर उभी हाय."